पायांसाठी विंग चुन की सांडा?

चिनी युद्धकलांतून लाथ आणि गुडघा नीट शिकायचा असं ठरवलं, की आपल्याकडच्या शहरांत बहुतेकांची निवड दोघांपाशी येऊन अडते: जवळून, हातघाईच्या अंतरावर लढायचं विंग चुन आणि ठोसे, लाथा, पाडणं असं सगळं खऱ्या जोरानं करायचा लढतीचा खेळ सांडा. मी आधी विंग चुन केलं, मग सांडाकडे आलो आणि तिथेच रमलो. पण विंग चुनबद्दलचा आदर कायम आहे, म्हणून सुरुवात तिथून.

विंग चुनची लाथ सहसा कमरेच्या वर जात नाही. नडगी, गुडघा, फार तर मांडी. सिउ निम ताओ या पहिल्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकट्यानं करायच्या हालचालींच्या ठरलेल्या क्रमात, एकही लाथ नाही. उभं राहणं पक्कं झाल्यावर चम किऊ या दुसऱ्या फॉर्ममध्ये पाय उचलायला मिळतो. हा क्रम मला आजही पटतो. समोरच्याचे हात आपल्या हातांत गुंतलेले असतात, त्याची नजर वर असते आणि पाय मागे न खेचता जागेवरून सरळ निघतो. अंतर आणखी मिटलं की त्याचा हात ओढून गुडघा वर. ‘ची गेर्क’च्या सरावात पायाला पाय भिडवून समोरच्याचं वजन कुठे आहे ते ओळखायला शिकवतात. वजन ज्या पायावर, तो पाय त्याला चटकन उचलता येत नाही. ही जाण मला सांडातही कामी येते.

माझं अडलं ते एकाच गोष्टीवर. गुडघ्याच्या सांध्यावरची लाथ जोडीदाराला पूर्ण जोरानं मारता येत नाही, मारूही नये. म्हणून ती दरवेळी चार बोटं अलीकडे थांबते. महिनोन्महिने असंच चाललं की पायाला थांबायचीच सवय लागते. लाथ लागणार नाही हे जोडीदारालाही ठाऊक असतं, त्यामुळे तो जागचा हलत नाही. विंग चुनचे गुरू इप मान यांच्या परंपरेतल्या, सरावाच्या लाकडी पुतळ्याच्या 116 हालचालींत लाथा आहेत, त्याच्या वाकड्या पायावर जोरही काढता येतो. पण पुतळा मागे सरकत नाही. आपली लाथ खरंच पोचते का, हे मला तिथे कळेना आणि त्याचा फार त्रास व्हायचा. काही शिक्षक शिनगार्ड चढवून मोकळी झटापट करून घेतात. तसा वर्ग मिळाला तर ही तक्रार बरीचशी गळून पडेल.

सांडात उत्तर तिथल्या तिथे मिळतं. गोल लाथ मारताना उभ्या पायाची टाच फिरली नाही, की लाथ मंदावते आणि समोरचा ती बगलेत धरतो. मग तो खांद्यानं छाती रेटतो, आपल्या उरलेल्या पायामागे पाय घालतो आणि पाठ मॅटवर. असं होऊ लागलं की मारलेला पाय तितक्याच वेगानं परत आणायची शिस्त आपोआप लागते. गुणही त्याच हिशेबानं: धडावर लाथ बसली तर 2, मांडीवर 1, आणि समोरच्याला पाडून आपण उभे राहिलो तर 2.

गुडघ्याच्या बाबतीत मात्र सांडा मागे आहे. हौशी स्पर्धांत गुडघा आणि कोपर दोन्हींना मनाई असते, त्यामुळे बरेच वर्ग गुडघ्याकडे वळतच नाहीत. आमच्याकडे पॅडवर करून घेतात, तेवढ्यावर माझं भागतं. गुडघाच मुख्य हवा असेल तर हे आधी विचारून घ्या.

स्पर्धेत उतरायचं असेल तर मला वाटतं सांडाच. मणिपूरच्या नाओरेम रोशिबिना देवीनं सांडात 2018 मध्ये जकार्ताला आशियाई खेळांचं कांस्य मिळवलं आणि 2023 मध्ये हांगझोऊला रौप्य. म्हणजे वाट आहे. वय झालेलं असेल, पडणं झेपणार नसेल, तर विंग चुन बरं. पण गुडघे आत वळवून उभं राहणं दुखऱ्या गुडघ्यांना सोसेल का, ते डॉक्टरांना विचारा.

पैसे भरण्याआधी एक तास नुसतं बसून बघा. जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकानं लाथ उचलली की दुसरा सरकतो, की उभाच राहतो? सरकत असेल, तर वर्ग विंग चुनचा असला तरी खुशाल नाव घाला.