शोधगंगा : प्रबंध खुले झाले, आता ते सापडायला हवेत

मराठीतून इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा साहित्यविचार गांभीर्याने वाचणारे, पण कोणत्याही विद्यापीठाच्या पटावर नसलेले वाचक पुण्यात पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षक, पत्रकार, अनुवादक, नियतकालिकांचे संपादक, स्पर्धा परीक्षेची तयारी करता करता एखाद्या विषयात रमलेले विद्यार्थी अशी ही मंडळी असतात. या विषयांतले नवे संशोधन कुठे वाचायला मिळेल, असे त्यांच्यापैकी कोणी विचारले, तर मी पहिले नाव शोधगंगेचे घेतो. ही सेवा मी नियमितपणे वापरतो, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले ते एवढ्यासाठी की, तिचा उपयोग जेवढा होऊ शकतो त्याच्या मानाने मराठी वाचकांकडून तो फारच थोडा होताना दिसतो.

शोधगंगा म्हणजे भारतातील विद्यापीठांनी पदवीसाठी मान्य केलेल्या पीएच.डी. प्रबंधांचे खुले भांडार. विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणारे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 च्या नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि 2016 च्या नियमावलीत पदवी जाहीर होण्यापूर्वीच ती प्रत इन्फ्लिबनेटकडे सोपवावी, असे स्पष्ट केले. आज तिथे 5 लाखांहून अधिक प्रबंध आहेत. वाचण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत, खाते उघडावे लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. पूर्वी एखादा अप्रकाशित प्रबंध पाहायचा तर त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन, परवानगी घेऊन, तिथेच बसून टिपणे काढावी लागत. कोल्हापूरचा किंवा नांदेडचा प्रबंध पुण्यात बसून वाचता येईल, ही कल्पनाही तेव्हा कुणी करत नसे.

या खुलेपणाचे मोल कळायचे असेल तर शेजारच्या योजनेकडे पाहावे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या, संशोधन-नियतकालिकांची सामायिक वर्गणी भरणाऱ्या योजनेला मान्यता दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके आणि 6,300 हून अधिक संस्था असा तिचा आवाका आहे, आणि तिचा समन्वयही इन्फ्लिबनेटकडेच आहे. योजना मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ती संस्थांसाठी आहे, तीही सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांसाठी. संस्थेबाहेरच्या वाचकाला एखादा लेख स्वतः विकत घ्यायचा झाल्यास त्याची किंमत बहुधा डॉलरमध्ये सांगितली जाते, आणि एका लेखाच्या किमतीत अप्पा बळवंत चौकातून पिशवीभर पुस्तके आणता येतात. अशा वाचकाला अडवणारे फाटक शोधगंगेवर नाही, आणि माझ्या लेखी हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

प्रबंध मोफत मिळतो म्हणून तो विश्वासार्ह ठरतो का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना पुण्याचा संदर्भ टाळता येत नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट नियतकालिकांचा सुळसुळाट झाला, तेव्हा आयोगाच्याच मान्यताप्राप्त यादीची कठोर तपासणी पुणे विद्यापीठातील प्राध्यापक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती 2018 साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी बहुसंख्य निकषांवर उतरत नव्हती. त्याच वर्षी आयोगाने 4,305 नावे यादीतून वगळली. पुढे दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ ही नवी यादी आली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे होते. 2025 च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे नियतकालिक चांगले की वाईट, हे ठरवण्याचा भार पुन्हा संस्थांवर आणि वाचकांवर आला आहे. प्रबंधाचे तसे नसते. मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांनी तो वाचलेला असतो आणि त्यावर मौखिक परीक्षा झालेली असते. या चाळणीतूनही सुमार काम सुटते, हे मान्यच आहे. पण चाळणी होती, हे तरी निश्चित सांगता येते.

आता प्रत्यक्ष वाचनाविषयी. शोधगंगेवर प्रबंध एकसंध फाइल म्हणून मिळत नाही. त्याचे तुकडे केलेले असतात. शीर्षकपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण, संदर्भसूची आणि परिशिष्ट अशा क्रमाने स्वतंत्र पीडीएफ लावलेल्या असतात. सर्वांत शेवटी, 80 हा आकडा नावाआधी असलेली शिफारशींची फाइल असते आणि तिच्यात बहुधा शीर्षकपृष्ठ व समारोपाचे प्रकरण असते. सुरुवातीला ही रचना त्रासदायक वाटते, पण सरावाने तीच सोयीची होते. अनुक्रमणिका पाहावी, 80 ची फाइल उघडून संशोधक शेवटी काय म्हणतो ते वाचावे, आणि मगच बाकीचे उतरवून घ्यायचे की नाही ते ठरवावे. इंटरनेटचा वेग कमी असलेल्या घरीही हे शक्य होते.

माझा आग्रह मात्र परिशिष्टांसाठी आहे. सामाजिक शास्त्रांतल्या आपल्याकडच्या प्रबंधांचा ठरलेला साचा आहे: प्रस्तावना, पूर्वसाहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, तथ्यसंकलन व विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी. यांतला पूर्वसाहित्याचा आढावा बहुतेक वेळा ‘अमुक यांनी असे म्हटले आहे’ अशा परिच्छेदांची माळ असतो, आणि शिफारशी तर अनेकदा इतक्या सर्वसाधारण असतात की त्या कोणत्याही विषयाला लावता येतील. परंतु त्याच प्रबंधाच्या शेवटी प्रश्नावली असते, मुलाखत अनुसूची असते, गावांची यादी असते, कधी मुलाखतींचा मजकूर तर कधी मोडी कागदांची लिप्यंतरे असतात. बीडच्या ऊसतोड कुटुंबांचे स्थलांतर, महिला बचत गटांचा कर्जव्यवहार, एखाद्या तालुक्याचे आठवडी बाजार, अहिराणी किंवा मालवणी बोलीतले नातेवाचक शब्द, तमाशा कलावंतांची उपजीविका अशा विषयांवर ज्यांनी खरोखर गावोगाव हिंडून काम केले आहे, त्यांचे श्रम या शेवटच्या पानांत उतरलेले असतात. प्रश्न कोणाला विचारला, तो कोणत्या शब्दांत विचारला आणि कोणता प्रश्न विचारलाच नाही, हे प्रश्नावलीवरून कळते. घरखर्चाचा निर्णय कोण घेते, असे विचारून उत्तरासाठी ‘पती’, ‘पत्नी’ आणि ‘दोघे मिळून’ एवढेच पर्याय दिलेले असतील, तर सासूचा अधिकार त्या तक्त्यात दिसणारच नाही, हे वाचकाने ओळखायला हवे. असे वाचले म्हणजे निष्कर्ष कच्चे असलेल्या प्रबंधातूनही पुष्कळ काही हाती लागते. या साहित्यातला फारच थोडा भाग पुढे पुस्तकरूपाने येतो; बाकीचा सगळा फक्त इथेच असतो.

साहित्याच्या प्रबंधांविषयी मी तितकेसे उत्साहाने सांगू शकत नाही. एका लेखकाचे समग्र वाङ्मय घेऊन कथानक, पात्रे, भाषाशैली असे प्रकरणवार वर्णन करणारे काम फार आहे. तरीही अशा प्रबंधांतली लेखनसूची, विशेषतः जुन्या दिवाळी अंकांत विखुरलेल्या लेखनाची नोंद, संपादकाला किंवा चरित्रकाराला मोलाची ठरते.

इथपर्यंत सेवेची जमेची बाजू झाली. मराठी प्रबंधांच्या बाबतीत खरी अडचण पुढेच आहे: ते खुले आहेत, पण सापडत नाहीत.

पहिले कारण शीर्षकांचे. प्रबंध मराठीत असला तरी त्याचे शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत नोंदवलेले असते, आणि त्या रोमनीकरणाला कसलाही नियम नसतो. ‘ग्रामीण’ हा शब्द कुणी एका ‘आय’ने लिहितो, कुणी दोन ‘ई’ घालतो. ‘आत्मकथन’ एका ‘ए’ने सुरू होते, कधी दोन ‘ए’ने. ‘स्त्रीवादी’ कधी जोडून येते, कधी तोडून. कुठे शीर्षकाचे थेट इंग्रजी भाषांतरच नोंदवलेले असते आणि मूळ मराठी शीर्षक फक्त पीडीएफच्या पहिल्या पानावर राहते. देवनागरीत शोध घेणाऱ्याला यांतले बरेचसे दिसतच नाही. या नोंदी विद्यापीठांकडून भरल्या जातात, त्यामुळे दर्जा विद्यापीठागणिक बदलतो; काही ठिकाणी देवनागरी शीर्षक, मार्गदर्शकाचे पूर्ण नाव आणि नीट सारांश आढळतो, तर काही ठिकाणी विषयाच्या रकान्यात ‘कला व मानव्यविद्या’ यापलीकडे काही नसते. इंग्रजी सारांशाच्या मधोमध ‘न्यूलाइन’ हा शब्द पुन्हा पुन्हा उमटलेला दिसतो. ओळ बदलण्याची संगणकीय खूण मजकुरात तशीच उतरलेली असते आणि ती कुणी काढलेली नसते.

दुसरे कारण जास्त खोल आहे, आणि त्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. मराठी संगणकावर आणण्याचे मोठे काम या शहरात झाले. 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची भारतीय भाषांची तंत्रे आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ यांवर मराठी छपाईची एक पिढी उभी राहिली. विद्यापीठाच्या परिसरातील टंकलेखनाच्या दुकानांत मराठी प्रबंध अशाच फॉण्टांमध्ये टाइप होत आले. कागदावर ते देखणे दिसतात. परंतु युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या फॉण्टात मराठी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असते. त्यामुळे पीडीएफमधले ‘महाराष्ट्र’ निवडून दुसरीकडे चिकटवले, तर रोमन अक्षरे आणि तिरप्या रेघा यांची निरर्थक रांग मिळते. संगणकाच्या दृष्टीने त्या पानावर मराठी नसतेच. म्हणून शोधयंत्राला त्या मजकुरात काही सापडत नाही. ज्या प्रबंधांची पाने नुसती स्कॅन केलेली आहेत, त्यांची स्थितीही तीच. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर पुष्कळ योजना मांडल्या गेल्या. या भाषेत आधीच झालेले संशोधन शोधता येईल असे करणे, हे काम त्यांत फार वरच्या स्थानी असायला हवे, असे मला कळकळीने वाटते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, मराठी पाने ओळखणारी साधनेही आहेत. ती प्रबंधांवर पद्धतशीरपणे चालवण्याची जबाबदारी मात्र विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी घ्यायला हवी.

तोवर वाचकाने काही युक्त्या वापराव्यात. शीर्षकापेक्षा मार्गदर्शकाच्या नावावरून शोधावे. एकाच मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्यांचे विषय एकमेकांशी लागून असतात, आणि एक चांगला प्रबंध मिळाला की त्याच्या आसपासचे आणखी हाती येतात. विद्यापीठ आणि विभाग उघडून यादी सरळ वरून खाली वाचून काढणे कंटाळवाणे आहे, पण मराठी विभागांच्या बाबतीत तोच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. स्कॅन केलेल्या पानातला मजकूर हवा असेल तर ते पान गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडावे. मजकूर बऱ्यापैकी स्वच्छ मिळतो, जोडाक्षरे तेवढी तपासून घ्यावी लागतात.

जुन्या साहित्यासाठी मात्र शोधगंगेवर विसंबू नये. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपल्या संग्रहातली जुनी पुस्तके आणि अहवाल डिजिटल स्वरूपात खुले केले आहेत, आणि शेतीचे किंवा किमतींचे जुने आकडे पाहायचे तर तिथेच जावे. मोडी कागद आणि बखरी यांसाठी 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांसाठी 1917 सालचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर यांना पर्याय नाही. शोधगंगेवरच्या प्रबंधांच्या संदर्भसूच्या वाचकाला अखेर याच दारांशी आणून सोडतात.

पुण्यात सध्या जे विद्यार्थी मराठीतून प्रबंध लिहीत आहेत, त्यांना या सेवेचा एक वाचक म्हणून माझी विनंती आहे. टंकलेखकाकडे पहिल्या दिवसापासून युनिकोडचाच आग्रह धरा. ग्रंथालयाला द्यायच्या अर्जात शीर्षक देवनागरीत लिहा आणि कळीच्या शब्दांत त्याची प्रचलित रोमन रूपेही द्या. सारांशात गाव, तालुका, समाज, कालखंड यांची नावे स्पष्ट येऊ द्या. आणि परिशिष्टातली प्रश्नावली जागा वाचवण्यासाठी गाळू नका.