सिग्नल ॲप: ठाणे-नवी मुंबईतल्या आंदोलक मुलामुलींना कितपत उपयोगी?

येऊरच्या जंगलासाठी सह्या गोळा करणारा गट असो की नेरूळच्या पाणथळीवर फ्लेमिंगोंसाठी उभी राहणारी मुलं, आपल्याकडे असली कामं बहुतेक व्हॉट्सॲपवर चालतात. लोकांना बोलावायला ते ठीकच आहे, सोसायटीतले काका-काकू तिथेच भेटतात. पण बैठक कुणाच्या घरी, वकील कोण, कुणी कुठे थांबायचं हे ठरवणाऱ्या दहा-पंधरा जणांनी सिग्नल या संदेश पाठवायच्या ॲपवर यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र ॲप टाकलं आणि काम झालं, असं होत नाही.

ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, ना-नफा संस्था देणग्यांवर चालवते. संदेश कुलूपबंद करण्याची पद्धत व्हॉट्सॲपने सिग्नलकडूनच घेतली आहे. फरक आहे तो कंपनीकडे तुमच्याबद्दल काय साठतं यात. २०२१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातून सिग्नलकडे कायदेशीर मागणी आली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि ते शेवटचं कधी जोडलं गेलं.

नंबर लपवण्याची सोय सगळ्यात मोलाची. २०१९ मध्ये हाँगकाँगची तरुण मुलं टेलिग्रामच्या मोठमोठ्या गटांतून आंदोलन चालवत होती. फोनमध्ये हजारो नंबर ओळीने साठवले तर त्यातले कोणते त्या गटात आहेत हे जुळवून काढता येतं, हे तेव्हा उघड झालं आणि मुलं हादरली. सिग्नलने २०२४ मध्ये युजरनेम, म्हणजे नंबराऐवजी दुसऱ्याला देता येणारं नाव, आणलं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात फोन नंबर उघडा. 'नंबर कोणाला दिसावा' हे आधीच 'कोणालाही नाही' असतं. 'नंबरवरून मला कोण शोधू शकेल' हे मात्र सुरुवातीला सगळ्यांना मोकळं असतं, ते हाताने बंद करावं लागतं. ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर आधीपासून आहे, त्यांना तो तरीही दिसणारच.

त्याच बसण्यात रजिस्ट्रेशन लॉक, म्हणजे तुमचा नंबर पुन्हा नोंदवताना पिन मागणारा अडसर, चालू करा. तो नसेल तर तुमच्या नावाने दुसरं सिमकार्ड काढणारा तुमच्या नंबरावर सिग्नल सुरू करू शकतो. पिन चार आकड्यांचा चालतो, पण अक्षरं घालून लांब ठेवा. विसरलात तर नव्याने नोंदणी करताना सात दिवसांपर्यंत स्वतःच्याच खात्याबाहेर राहाल.

आपोआप पुसले जाणारे संदेश जास्तीत जास्त चार आठवड्यांवर लावता येतात. रोजच्या बोलण्याला आठवडा, बैठकीच्या पत्त्याला एक दिवस पुरे. इथे हमखास घोळ होतो: टायमर लावण्याआधीचे संदेश तसेच राहतात, आणि वाचणाऱ्याच्या फोनवर वेळ मोजायला सुरुवात होते ती त्याने वाचल्यावर. कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवला तर त्यावर इलाज नाही.

चेहरा धूसर करण्याची सोय जून २०२०मध्ये, अमेरिकेत पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडसाठीच्या आंदोलनाच्या दिवसांत आली. फोटो पाठवण्याआधी ब्लरचं बटण दाबलं की समोरचे चेहरे झाकले जातात. बाजूने दिसणारा चेहरा, टोपी, मास्क हे बऱ्याचदा सुटतं. ते बोटाने घासून झाका, आणि हातावरचा टॅटू, कॉलेजचं ओळखपत्रही. घाईत हीच गोष्ट राहून जाते, आणि फोटो एकदा बाहेर गेला की गेलाच.

आता खरी कच्ची बाजू. 'लिंक्ड डिव्हायसेस' ही तुमच्या खात्याला जोडलेल्या इतर उपकरणांची यादी दर रविवारी उघडून बघा. फेब्रुवारी २०२५मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवलं, की रशियाकडचे हॅकर युक्रेनच्या सैनिकांना बनावट क्यूआर कोड पाठवत होते. गटात सामील व्हायचा कोड समजून स्कॅन करायचा, आणि प्रत्यक्षात आपलं खातं परक्याच्या लॅपटॉपला जोडलं जायचं. कुलूप फुटलं नाही, किल्ली आपणच दिली. म्हणून गटाची लिंक ॲडमिनच्या मंजुरीवर ठेवा आणि भिंतीवर चिकटवलेला कोड स्कॅन करू नका. लॉक स्क्रीनवर नाव-मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर टेबलावर पडलेला फोन सगळं सांगतो.

स्वस्त अँड्रॉइडवर संदेश उशिरा येतात ही तक्रार वारंवार ऐकू येते. कारण ॲपचं नसून फोनच्या बॅटरी बचतीचं असतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये सिग्नलला 'निर्बंध नाही' करा.

इंटरनेटच बंद झालं तर सिग्नल काहीच कामाचं नाही. बांगलादेशात जुलै २०२४मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनात सरकारने देशभराचं नेट तोडलं. कधी नुसती ॲपच अडवली जातात: नेपाळने सप्टेंबर २०२५मध्ये २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, त्या यादीत सिग्नलही होतं. लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात बदलापुरात ऑगस्ट २०२४मध्ये आंदोलनानंतर इंटरनेट बंद ठेवलं होतं. नुसतं ॲप अडवलं असेल तर सिग्नलच्या प्रॉक्सीचा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकामार्गे जाणाऱ्या आडवाटेचा, मार्ग आहे. २०२२मध्ये इराणमधल्या मुलींसाठी जगभरातल्या लोकांनी असे प्रॉक्सी चालवले. पण तार तुटली की प्रॉक्सीही गप्प.

त्या दिवसासाठी ॲपशिवायची तयारी हवीच. भेटायची जागा आणि वेळ आदल्या दिवशी तोंडी ठरवा. साध्या फोन कॉलची साखळी ठेवा, एकाने तिघांना. आणि वकिलाचा नंबर निघण्याआधी पेनाने हातावर लिहा.