कोटिंगच्या रिपोर्टावर नमुना कशाचा होता ते आधी बघा

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत जॉबवर्क देणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. पंपाच्या बिडाच्या केसिंगना आम्ही आतून इपॉक्सी पावडर कोटिंग करून घेतलं. माल परत आला तो इम्पिडन्स टेस्टच्या, म्हणजे कोटिंग विजेला किती अडवतं ते मोजणाऱ्या चाचणीच्या, रिपोर्टासकट. त्यावर आमच्या लॉटचा नंबर आणि आकडा १ अब्ज ओहम-चौरस सेंटीमीटरच्या वर. चांगल्या कोटिंगचा आकडा असाच असतो, म्हणून पंप निपाणीकडच्या शेतकऱ्यांना दिले. पुढच्याच हंगामात तक्रारी आल्या. केसिंग उघडलं तर आत फोड, आणि फोडाखाली तांबडा गंज.

एक केसिंग कापून स्वतंत्र लॅबमध्ये तपासलं. ३.५ टक्के मिठाच्या पाण्यात, १० मिलिव्होल्टच्या आसपासचं एसी व्होल्टेज देत, १ लाख हर्ट्झपासून ०.०१ हर्ट्झपर्यंत. कोटिंग अखंड असलं तर फ्रिक्वेन्सी खाली येईल तशी इम्पिडन्सची रेघ सरळ वर चढत जाते. आमची रेघ मध्येच आडवी झाली आणि आकडा १० लाखांच्याही खाली राहिला. छिद्रातून पाणी धातूपर्यंत पोचलं की करंट तिथूनच वाट काढतो. बाकीचं कोटिंग कितीही चांगलं असो, आकडा त्या छिद्राचाच येतो.

मग पहिल्या रिपोर्टाची मूळ प्रत मिळवली. त्यात नमुना म्हणून लिहिलं होतं: सपाट पोलादी पत्रा. आमच्याकडे आलेल्या कागदावर तीच ओळ बदलून आमच्या लॉटचा नंबर घातलेला! शिवाय मोजणी पत्रा पाण्यात बुडवल्याबरोबर केलेली. पाणी कोटिंगमध्ये मुरायला वेळ लागतो, तोवर हलकं कोटिंगही पास होतं.

पत्र्याचा रिपोर्ट बिडाला चालतच नाही. ओतकामाच्या पोकळ्यांत हवा अडकलेली असते, भट्टीत पावडर वितळताना ती बाहेर फुटते आणि सुईएवढी भोकं पडतात. त्यासाठी जॉब आधी तापवून हवा काढायची असते. तेवढा भट्टीचा गॅस कोटिंगवाल्यानं वाचवला, आणि ऐन पाणी द्यायच्या दिवसांत शेतकऱ्याचा पंप बंद पडला. याची मला फार चीड आहे.

रिपोर्ट कोटिंगवाल्याच्या हातून घेऊ नका, लॅबकडून थेट मागवा. नमुना तुमच्याच लॉटमधून तुम्ही निवडा, त्यावर सही करा, काही दिवस भिजवूनच मोजायला सांगा. प्रत्येक नगाला ही टेस्ट परवडत नाही. ५०० मायक्रॉनपर्यंतच्या कोटिंगला ओल्या स्पंजची हॉलिडे टेस्ट, म्हणजे कोटिंगमधली भोकं शोधणारी चाचणी, पुरते, ती तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. आमच्या त्या कोटिंगवाल्याचं बिल मी अडवलंय, बदलून दिलेल्या पंपांचा खर्चही लेखी मागितलाय.