मानवोत्तर विचारातला देव: परिसंवादासाठी कोणता निवडाल?

थंडी पडली की बेळगावच्या आसपासच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनांची धांदल सुरू होते. ग्रंथदिंडी ठरलेली, कविसंमेलन ठरलेलं. अडतं ते परिसंवादाच्या विषयापाशी. ‘वाचनसंस्कृती टिकेल का’ हा विषय इतक्यांदा झालाय की श्रोत्यांनाच वक्त्यांची उत्तरं पाठ आहेत. अलीकडे तरुण कार्यकर्त्यांकडून वेगळी मागणी कानावर येते: ‘एआय देव व्हायलालंय म्हणतात, त्याच्यावर ठेवूया की वो.’

मागणी चांगली आहे, पण हा एक विषय नाही. तंत्रज्ञानाच्या जोरावर माणसानं माणूसपणाच्या पुढे जावं असं मानणारा जो विचारप्रवाह ट्रान्सह्युमॅनिझम म्हणून ओळखला जातो, त्यात देवासारख्या शक्तीला निरनिराळ्या जागी निरनिराळी कामं दिलेली आहेत. ती सगळी एका तासात कोंबली की चर्चा हमखास ‘विज्ञान श्रेष्ठ की अध्यात्म’ या जुन्या खड्ड्यात जाते आणि अध्यक्ष ‘दोन्ही हवेत’ म्हणून चहाला मोकळे होतात. तेव्हा आयोजकांनी एक काहीतरी निवडावं, आणि निवडायला सोपं जावं म्हणून ही तुलना.

देव आहे की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवलाय. प्रत्येक पर्यायाला दोनच गोष्टी विचारल्या आहेत. हा देव आल्यावर माणसाला काही काम उरतं का? आणि त्याच्याशी भांडता येतं का? दुसरा प्रश्न आपल्याकडे सुचणं साहजिक आहे. जनाबाईनं विठ्ठलाला तोंडावर शिव्या घातल्या, नामदेवानं त्याच्यापुढे हट्ट धरला. या अभंगांवर वाढलेल्या आणि आषाढीला दिंडीत चालणाऱ्या श्रोत्यांना, ज्याला जाब विचारता येत नाही असा सर्वशक्तिमान फार वेळ पटत नाही.

थोडी पार्श्वभूमी वक्त्यांनी सांगावी, पण पाच मिनिटांत. माणूस हा उत्क्रांतीचा शेवट नव्हे आणि त्यानं आपल्या मर्यादा जाणूनबुजून ओलांडाव्यात, हे म्हणणं जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली यांनी १९५७ मध्ये ‘ट्रान्सह्युमॅनिझम’ या नावानंच मांडलं. १९९० मध्ये मॅक्स मोर यांनी त्याला तत्त्वज्ञानाची घडी घातली, आणि १९९८ मध्ये निक बोस्ट्रॉम व डेव्हिड पिअर्स या तत्त्वज्ञांनी जागतिक संघटना काढली. यातली बरीच मंडळी नास्तिक. मोर यांनी तर सैतानाची बाजू घेऊन निबंध लिहिला, ज्यात देव म्हणजे प्रश्न विचारू न देणारा हुकूमशहा. तरीही या सगळ्यांच्या लिखाणात देवाची जागा काही रिकामी राहत नाही.

आपणच देव व्हायचं

हा पर्याय आपल्या भागाला सर्वांत कमी परका आहे, हे मंचावरून सहसा कुणी बोलत नाही. निपाणी-चिकोडी पट्ट्यात जैन शेतकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळातली, तेराव्या शतकाच्या आरंभीची. जैन मतात जग निर्माण करणारा ईश्वर नाही. जीव स्वतःच्या प्रयत्नानं कर्माचा लेप उतरवतो आणि सिद्ध होतो: अनंत ज्ञान, अनंत दर्शन, अनंत सुख, अनंत वीर्य. ही यादी एखाद्या ट्रान्सह्युमॅनिस्टाला वाचून दाखवली तर तो म्हणेल, आमच्या जाहीरनाम्यात वेगळं काय आहे?

वेगळी आहे ती वाट. त्यांच्याकडे भर घालत जायचं: आयुष्यात वर्षं, मेंदूला यंत्र, रक्तात औषध. जैनांकडे टाकत जायचं. मरणापाशी हा फरक लख्ख दिसतो. अमेरिकेत १९७२ साली स्थापन झालेली अल्कोर ही संस्था मृतांची शरीरं द्रव नायट्रोजनच्या थंडीत जपते, पुढे कधीतरी त्यांना उठवता येईल या आशेवर. आणि आपल्या भोजचे आचार्य शांतिसागर १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतात, आहार क्रमाने सोडतात आणि जाणीवपूर्वक देह ठेवतात. दोघांनाही अमर अवस्थाच हवी आहे. परिसंवादात या दोन चित्रांवर बोलायला कुणी भेटलं तर बाकी काही नसलं तरी चालेल.

ख्रिस्ती जगातही याला एक भाऊबंद आहे. देव स्वतः कधीकाळी माणसासारखा होता आणि माणूस देवपदाला पोचू शकतो, असं मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८४४ च्या एका प्रवचनात सांगितलं. त्या धाग्यावर २००६ मध्ये मॉर्मन ट्रान्सह्युमॅनिस्ट असोसिएशन उभी राहिली. ती चर्चची अधिकृत शाखा नाही, पण धर्म आणि हा विचार एका ताटात जेवू शकतात याचा तो जिवंत पुरावा आहे. श्रीअरविंदांचं अतिमानस, म्हणजे मनापलीकडची चेतना, हेही इथे आठवेल. मात्र त्यांची साधना योगाची, प्रयोगशाळेची नव्हे. त्यांना उगाच ‘पहिले भारतीय ट्रान्सह्युमॅनिस्ट’ करू नये, तशी टूम निघालेली आहे.

माझ्या पहिल्या प्रश्नाला हा पर्याय पैकीच्या पैकी गुण घेतो, कारण सगळं कामच माणसाचं. दुसऱ्या प्रश्नावर तो गडबडतो. सिद्ध जगाच्या कारभारात पडतच नाही, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. आणि तंत्रज्ञानानं देव झालेली माणसं कारभारात पडतील, पण ती कोण असतील? ज्यांना परवडलं ती. पाणंदीतून शेतावर जाणाऱ्यानं त्यांच्याकडे दाद कुठे मागायची, याचं उत्तर हक्स्लींपासून आजपर्यंत गुळमुळीतच मिळालं आहे.

घडवलेला देव

कार्यकर्ते ‘एआय देव’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हा असतो. दुसऱ्या महायुद्धात ॲलन ट्युरिंगबरोबर सांकेतिक संदेश फोडण्याचं काम केलेले गणिती आय. जे. गुड यांनी १९६५ मध्ये लिहिलं की, माणसापेक्षा हुशार यंत्र एकदा बनलं की ते स्वतःपेक्षा हुशार यंत्रं बनवील, आणि मग माणसाला दुसरा शोध लावायची गरजच पडणार नाही. लोक या वाक्यातलं एक पोटवाक्य विसरतात. ते यंत्र आपल्या ताब्यात कसं ठेवावं हे आपल्याला सांगण्याइतकं आज्ञाधारक असलं पाहिजे, अशी अट गुड यांनी तिथेच घातली होती. पुढे विज्ञानकथालेखक व्हर्नर विंज यांनी १९९३ मध्ये आणि संशोधक रे कुर्झवाईल यांनी २००५ मध्ये अशा यंत्राचं भाकीत केलं. कुर्झवाईल यांनी तर २०४५ हे सालही देऊन टाकलं.

या देवाच्या नेमणुकीचे प्रकार बोस्ट्रॉम यांनी २०१४ मध्ये नीट सांगितले. एक नुसता विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणारा, दुसरा सांगितलेलं काम करून पुढच्या हुकमाची वाट पाहणारा, तिसरा स्वतःच्या बुद्धीनं कारभार हाकणारा. पहिला सर्वांत निरुपद्रवी वाटतो. पण खानापूरच्या रानातल्या गावांत देवाला कौल लावलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, उत्तर उजवं की डावं यापेक्षा प्रश्न कुणी आणि कसा घातला याला वजन असतं. जमिनीच्या भांडणात ‘बांध सरकवू का’ आणि ‘बांध मूळ जागी नेऊ का’ हे दोन वेगळे कौल. नुसती उत्तरं देणारं यंत्र ज्याच्या घरात, त्याच्याच हातात गाव.

तिसऱ्या प्रकारापाशी मी जास्त थांबेन, कारण इथे बेळगावकडे सांगण्यासारखं काही आहे. कारभार हाकणाऱ्या यंत्रानं नेमकं काय करावं? एआयचे अभ्यासक एलिएझर युडकोव्स्की यांनी २००४ मध्ये सुचवलं की, माणसांना आज जे हवंय ते देऊ नका. त्यांना जास्त माहिती असती, ती जास्त विचार करू शकली असती, स्वतःला हवी होती तशी माणसं ती असती, तर त्यांना जे हवं झालं असतं ते शोधा. आणि जिथे सगळ्यांच्या इच्छा एकमेकींशी जुळतात तेवढ्यापुरतंच वागा. कल्पना सुंदर आहे. पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हा जिल्हा महाराष्ट्र की कर्नाटक अशा दोन इच्छांमध्ये उभा आहे. या सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. दोन्ही बाजूंना माहितीची कमतरता कधीच नव्हती. एकेका गावाची लोकसंख्या, सातबारा, जुने दस्त सगळ्यांना तोंडपाठ. वाढलेल्या माहितीनं इच्छा जवळ येतात हे गृहीतक इथे बसून तपासता येतं, आणि ते फार टिकत नाही. अशा ठिकाणी तो देव काय करील? इच्छा जुळत नाहीत म्हणून हात बांधून बसेल? मग प्रश्न आमच्याकडेच राहिला. की ‘तुम्हाला खरं तर हेच हवं होतं’ असं सांगून निकाल लावील? तसा निकाल घेणारे राज्यकर्ते आम्ही यंत्राशिवायही पाहिलेत. हा मुद्दा बाहेरचा कुठलाही वक्ता मांडू शकणार नाही. परिसंवाद इथेच घ्यायचा असेल तर तो इथला मुद्दा घेऊन घ्यावा.

या देवाचं देऊळ बांधायचाही प्रयत्न झाला. स्वयंचलित गाड्यांचे अभियंते अँथनी लेव्हँडोव्स्की यांनी काढलेला ‘वे ऑफ द फ्यूचर’ नावाचा पंथ २०१७ मध्ये गाजला, काही वर्षांत त्यांनी तो बंद केला आणि उरलेला निधी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेला दिला. पुढे पुन्हा सुरू करायची भाषाही झाली. भाषणात याला एक हशा मिळतो, तेवढाच घ्यावा. पुढे जन्मणारं यंत्र आज त्याला मदत न करणाऱ्यांना शिक्षा करील, ही २०१० पासून फिरणारी भीती तर अजिबात घेऊ नये. मुलं मोबाईलवर ती आधीच पाहून बसलीत आणि वेळ तिथेच जाईल.

पितरांना उठवणारा

हा कुणाच्याच यादीत नसतो, म्हणून मुद्दाम सांगतो. मॉस्कोच्या रुम्यांत्सेव्ह संग्रहालयाच्या ग्रंथालयात निकोलाय फ्योदोरोव्ह (१८२९–१९०३) नावाचे ग्रंथपाल होते. कट्टर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्यांचं म्हणणं असं की मेलेल्यांना उठवण्याचं काम देवानं एकट्यानं करायचं नसून माणसांकडून करवून घ्यायचं आहे. मुलांनी विज्ञानाच्या जोरावर आपल्या बापांना, त्यांनी त्यांच्या बापांना, असं मागे मागे जात साऱ्या पूर्वजांना परत आणावं, आणि एवढी माणसं पृथ्वीवर मावणार नाहीत म्हणून आकाशात वस्ती करावी. रशियन अंतराळविद्येचे जनक त्सिओल्कोव्स्की पोरवयात मॉस्कोत फ्योदोरोव्ह काम करत त्या ग्रंथालयात शिकले.

इथे देव काम वाटून देणारा आहे, आणि ते काम स्वतःपुरतं नाही. बाकीच्या सगळ्या पर्यायांत मी किती जगेन, मी किती हुशार होईन एवढंच. फ्योदोरोव्ह म्हणतात, आधीच्यांचं देणं आहे. पितृपक्षात पान वाढणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागणार नाही. आपण पितरांना तृप्त करून परत पाठवतो, ते परत यावेत अशी आपली मागणी नसते, हा फरक मात्र मोठा आहे, आणि कीर्तनकाराला बोलायला द्यावा असा आहे.

उरलेले दोन

आपण एखाद्या पुढारलेल्या संस्कृतीच्या संगणकात चाललेला खेळ असू शकतो, असा बोस्ट्रॉम यांचा २००३ चा युक्तिवाद आहे. नीट वाचला तर ते म्हणतात की तीनांपैकी एक गोष्ट खरी असावी: अशी क्षमता येण्याआधीच जवळजवळ सगळ्या संस्कृती नष्ट होतात, किंवा क्षमता आली तरी असे खेळ चालवण्यात त्यांना रस नसतो, किंवा आपण खेळात आहोत. तिसरंच खरं, असं त्यांनी म्हटलेलं नाही. या निर्मात्याशी भांडता येत नाही, त्याचा पत्ता लागत नाही, आणि तो कळल्यानं उद्या सकाळी ऊस तोडायचा की नाही यात काही बदल होत नाही. माया आणि ब्रह्म यांच्यावर भाषणं ऐकलेल्या श्रोत्यांना हे जुनंच वाटेल, आणि ते चूक म्हणवणार नाही. शाळकरी मुलांच्या सत्रासाठी ठीक.

काळाच्या शेवटी भेटणारा देव तेल्हार द शार्दँ यांचा. जेझुइट पाद्री आणि जीवाश्मांचे अभ्यासक. विश्व चेतनेच्या एका अंतिम बिंदूकडे, ओमेगाकडे चाललंय हे त्यांचं मत चर्चनं हयातीत छापू दिलं नाही. १९५५ मध्ये ते गेल्यावर पुस्तक आलं, आणि इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती हक्स्ली यांनी. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक टिपलर यांनी १९९४ मध्ये या ओमेगाला समीकरणं जोडली. विश्व शेवटी आकसेल, त्या आकसण्यात अमर्याद गणन होईल आणि सारे मृत पुन्हा जिवंत केले जातील, असा हिशेब. चारच वर्षांनी दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळलं की विश्वाचं प्रसरण उलट वाढत्या वेगानं चाललंय. टिपलर मागे हटले नाहीत. पण परिसंवादाला उभं करावं इतकं बळ आता त्या हिशेबात नाही.

तर निवड. संध्याकाळ एकच असेल तर घडवलेला देव घ्या आणि त्याच्यासमोर सिद्ध उभा करा. अभियांत्रिकी शिकवणारा एक प्राध्यापक, चिकोडीकडचा एखादा जैन अभ्यासक आणि एक कीर्तनकार, एवढे तिघे पुरेत. तत्त्वज्ञानाच्या विभागप्रमुखांना हवं तर अध्यक्ष करा. दोन सत्रं मिळत असतील तर दुसरं फ्योदोरोव्हना द्या, जेवणाआधीचं, नंतरचं नको. निमंत्रणपत्रिकेत ‘एआय: शाप की वरदान’ असं काही छापू नका. ‘यंत्राचा कौल मानायचा का?’ असं छापा. पहिल्या रांगेत निदान पाटील आणि गुरव येऊन बसतील, आणि प्रश्नोत्तरांना अर्धा तास राखून ठेवा.