पाच पाकिटांची ‘एशियन ग्रीन्स’ पेटी: कर्वेनगरच्या गच्चीवर वर्षभर

गेल्या मार्चमध्ये ही पेटी ऑनलाइन मागवली, ४३० रुपयांना. आत बियांची पाच पाकिटं: बोक चॉय, तात्सोई, मिझुना (या तिन्ही चिनी-जपानी पालेभाज्या), कांगकाँग आणि लाल माठ. घेताना जे अभिप्राय वाचले ते सगळे पेटी हातात पडल्या पडल्या लिहिलेले होते. बी उगवलं का, ताटात काय आलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणून मी सगळं लावून, शिजवून, खाऊन मग लिहितेय.

आधी तक्रार. पाकिटावर ‘वर्षभर कधीही लावा’ असं छापलंय, आणि पुण्यात ते साफ चूक आहे. मी त्यावर विश्वास ठेवून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच बोक चॉय आणि तात्सोई क्रेटमध्ये पेरलं. चौथ्या दिवशी रोपं वर. बी चांगलं होतं, त्यात वाद नाही. पण एप्रिलमध्ये पारा ३८ च्या वर गेला आणि पान तळहाताएवढं व्हायच्या आत मधून दांडा उभा राहिला, टोकाला पिवळी फुलं. थेट मोहरीची फुलं! तशी असणारच म्हणा, ही मोहरीच्याच कुळातली भाजी; सलगम आणि बोक चॉय तर एकाच जातीतले. ऊन तापलं, दिवस मोठा झाला की ती पानं वाढवायचं सोडते आणि बी धरायच्या मागे लागते. फुलांसकट कोवळे दांडे परतून खाल्ले, ते बरे लागले. पण भाजी म्हणून हाती काही आलं नाही. ‘उष्ण भागात ऑक्टोबर ते जानेवारी’ एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती? विक्रेत्याला दोनदा मेल केला, उत्तर आलं नाही.

उरलेलं बी दिवाळीनंतर टाकलं आणि चित्रच पालटलं. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत सारखं घेतलं. सकाळचं चार तास ऊन. रात्री गार, दिवसा कोवळं ऊन हे या भाज्यांना फार मानवतं. तिसाव्या दिवशी बाहेरची पानं काढायला लागले, पन्नासाव्या दिवशी अख्खा गड्डा. देठ पांढरेशुभ्र, मोडला की कटकन आवाज. मोठ्या दुकानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मिळतो त्याला हा आवाज येत नाही.

जानेवारीत ढगाळ हवा झाली आणि मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला. पानं उलटून बघत जा, वरून काही दिसत नाही. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालून फवारायचं. चार दिवसांनी पुन्हा. एवढ्यावर आटोक्यात आला.

शिजवायचं म्हणाल तर बोक चॉय पालकासारखा झाकण ठेवून शिजवू नका. पहिल्यांदा मी तसाच केला, नुसतं पाणी सुटलं. आता लोखंडी कढई चांगली तापवते, तेलात ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, आधी फक्त देठ, मिनिटभराने पानं, गॅस मोठाच. मीठ अगदी शेवटी, वरून शेंगदाण्याचं जाडसर कूट. गरम भाकरीबरोबर. तात्सोईची पानं गडद, पळीसारखी, ती मुगाच्या डाळीत उत्तम. मिझुनाला मोहरीचा तिखटपणा असतो, दह्यातल्या कोशिंबिरीत कच्ची चिरून घाला. लाल माठ मंडईत मिळतो तोच आहे, त्यासाठी पेटी घ्यायची गरज नाही.

आता कांगकाँग. हे पाकीट मी सगळ्यात शेवटी उघडलं आणि आज गच्चीवर तेच सगळ्यात जास्त जागा अडवून बसलंय. बी कडक असतं, रात्रभर भिजवून मे महिन्यात टाकलं. जूनमध्ये गुहागरहून सासूबाई आल्या. त्यांनी एक देठ मोडून आतली पोकळी माझ्यासमोर धरली. “अगं, ही नाळ आहे. आमच्याकडे तळ्यात असायची.” नाळीची भाजी! पाकिटावर परदेशी नाव आणि पॅगोडाचं चित्र, आणि आत आपलीच भाजी.

त्यांनी ती सुका जवळा घालून केली. जवळा भाजून, कांदा, लसूण, दोन सुक्या मिरच्या, आधी देठ मग पानं, दोन कोकमं. मलेशियात हीच भाजी बेलाचन घालून परततात. बेलाचन म्हणजे तिथली जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाळवून केलेली वडी. मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग चव तीच असणार.” मला ते इतकं आवडलं की तेव्हापासून आमच्याकडे दुसऱ्या पद्धतीने ती होत नाही. शाकाहारी असाल तर ओलं खोबरं घाला.

हिला पाणी भरपूर लागतं, क्रेटखाली ताटली ठेवून त्यात पाणी राहू दिलं तरी चालतं. मुळापासून उपटायची नाही, चार बोटं ठेवून कापायची, पंधरा दिवसांत पुन्हा तेवढीच. पावसाळाभर कापली. थंडीत मात्र रुसते. दोन गोष्टी मनापासून सांगते: ओढ्याकाठी वाढलेली नाळ आणून खाऊ नका, ती सांडपाण्यातले जड धातू शोषून घेते, आणि घरची असली तरी कच्ची खाऊ नका.

पाचपैकी साडेतीन तारे. बियांना पूर्ण गुण, कापले ते पाकिटावरच्या चुकीच्या मजकुराचे. पुन्हा अख्खी पेटी घेणार नाही, ऑक्टोबरमध्ये फक्त बोक चॉय आणि मिझुनाची सुटी पाकिटं मागवेन. नाळ विकत घ्यायचीच नाही. वीतभर फांदी पेल्यात पाण्यात ठेवली की चार-पाच दिवसांत पेरापेराला पांढरी मुळं फुटतात. सासूबाई परत जाताना तशा सहा फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेल्या.