झोप मोजणारा मनगटी बँड: घ्यावा का?

दोन-चार हजारांचे हे बँड झोप थेट मोजत नाहीत. हाताची हालचाल आणि हिरव्या दिव्याने टिपलेली नाडी यांवरून अंदाज बांधतात. त्यामुळे एकूण झोपेचा आकडा बऱ्यापैकी जुळतो. ‘गाढ झोप ४८ मिनिटं’ यावर मात्र फार विसंबू नका, त्यासाठी मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. निपचित पडून मोबाइल पाहिला तर तीही झोप धरली जाते. पट्टा सैल असला की नाडी चुकते. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण वळ न उमटेल असा बांधा.

शंभरपैकी गुण देणारा तो स्कोअर सोडून द्या. आठवड्याची सरासरी आणि झोपायची वेळ किती सरकते, एवढंच बघा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, १४ दिवस रोज सहा तासच झोपलेल्यांची एकाग्रता एक-दोन रात्री पूर्ण जागल्यासारखी घसरली होती. तरी त्यांना स्वतःला पेंग फारशी जाणवत नव्हती! आपल्याला न जाणवणारी ही तूट बँड आकड्यांत दाखवतो, त्याचे पैसे इथेच वसूल होतात.

थरथरणारा गजर उत्तम, शेजारचा जागा होत नाही. उठल्यावर पहिला अर्धा तास मात्र हिशेबाचं काम नको, डोकं जड असतं.

घोरणं आणि दिवसा पेंग असेल, तर बँडच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर थांबू नका; झोपेत श्वास अडत असू शकतो. डॉक्टरांना विचारून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास वगैरे मोजणारी तपासणी, करून घ्या.