सामनची काठी, कृष्णेचं पाणी

खोक्यावर उडी मारणारा सामन मासा छापलाय. आत सात फुटी दोन तुकड्यांची गळाची काठी, रीळ, तंगूस म्हणजे गळाचा दोरा आणि माशाला भुलवायचे, गळ लावलेले चार चकचकीत पत्र्याचे चमचे. ऑनलाइन १८५० रुपयांना मागवली. गेल्या जूनपासून सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर वापरतोय.

काठी झकास. दीड किलोचा रोहू लागला तेव्हा शेंडा पार पाण्याला टेकला, पण कुरकुरला नाही. रीळ मात्र रडकं. दुसऱ्याच महिन्यात दांड्याचा स्क्रू ढिला. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, 'पाणी लागलं असेल.' मासे धरायचं रीळ, आणि पाणी लागू द्यायचं नाही! सायकलच्या दुकानातून वायसर आणून घातलाय.

आता चमचे. सामन अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो तेव्हा खाणं सोडतो, तरी समोरून काही चमकत गेलं की तोंड टाकतो. आमच्या रोहूला त्याचं काय? त्याला कणकेचा गोळा पाहिजे, तोही थंडीत ऊन चांगलं वर आल्यावर. पावसात पाणी गढूळ, तिथं गांडूळच. सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांकडे निघालं की काठी माळ्यावर. उन्हाळ्यात तर दोन चमचे केंदाळानं, म्हणजे जलपर्णीनं गिळले. घाटावरचे मामा हसायचे, "सर, ह्यो चमचा आमटीला घ्या की."

सप्टेंबरात पाणी उतरलं. ओढ्याच्या तोंडाशी लालसर पिल्लांचा घोळका वरखाली करत होता. मला वाटलं, किडे असतील. कडेनं चमचा ओढला आणि खालून मरळीनं असा दणका दिला की मनगटापर्यंत झिणझिण्या. काठावर घेतली तर तीन तोंडांचा गळ जबड्यात रुतलेला, डोळा माझ्यावर. मामा पळत आले. "सोडा तिला. पिल्लं राखतीया. भुकंनं न्हाई, रागानं धरलंय."

पकडीनं गळ काढायला दोन मिनिटं लागली. मरळ हवेवर तग धरते, म्हणून वाचली. सोडल्यावर ती शेपटी मारून गेली, पण पिल्लांकडं पोचली का, ते काही दिसलं नाही. तोवर घोळक्यात पिल्लं खाणारी चिलाप मासळी घुसली होती.

घेणार असाल तर नुसती काठी घ्या, रीळ मिरजेच्या बाजारातून वेगळं. चमच्यांचे तिहेरी गळ काढून एकेरी लावा. मी लावलेत.